अकरा पेट्या

१६ ऑक्टोबर १९६७, सोमवार

माझंच टिपण! सबनीसांनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. पिवळा पडलेला कागद, माझं अक्षर, खाली माझी सही. तीन वर्षांपूर्वी तेव्हाचे सेक्रेटरी तात्या यांना दिलं होतं. त्यांनी ते फाईलला लावलं, आणि वर्षभरात ते गेले. मला वाटलं होतं, तो कागदही त्यांच्याबरोबर गेला.

‘मंडळाची तीन माणसे एकाच दिवशी एकाच शाळेत जातात. एक पुस्तकांची पेटी पोचवायला, दुसरा तक्ते द्यायला, तिसरा शिक्षकाचा पाठ पाहायला. आणि पलीकडच्या वाडीत सहा महिने कोणीच नाही. विभागाविभागांत दुवा म्हणून नाही.’

सबनीस सेक्रेटरी म्हणून मुंबईहून आले त्याला महिनाही झाला नाही. वाचून झाल्यावर चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. “टिपणीसबाई, मंडळाचा आजार तुम्ही तीन वर्षांपूर्वीच ओळखलात. औषध आता मी देतो.”

टाळ्या झाल्या. मीसुद्धा वाजवल्या!

२० ऑक्टोबर, शुक्रवार

औषध काय ते आज कळलं. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या साठ एकशिक्षकी शाळा, मंडळाची चौदा माणसं, तीन विभाग — सगळं त्यांनी एका मोठ्या कागदावर चौकोनांत बसवलंय. चौकोनांना जोडणारे बाण लाल शाईचे. बाण फार सुरेख आहेत.

साधनांचा विभाग खोपोलीच्या शिळफाट्याहून इथे कर्जतला यायचा. म्हणजे सहदेव ठोंबऱ्यांनी गॅरेजमागच्या त्या दोन खोल्या, रंधा, करवत, सगळं सोडायचं. भेटींचा विभाग, म्हणजे वाल्मिक घारे, शेजारच्या टेबलावर. आणि माझा पेट्यांचा विभाग बंद. बंद म्हणायचं नाही — “विलीन”. तीसच्या तीस पेट्या शाळांतून परत मागवायच्या, पुस्तकं काचेच्या कपाटात लावायची. शाळेने मागणीपत्रक भरायचं, तिन्ही विभागांनी ते पाहायचं, मग जीप जाईल.

घारे म्हणाले, “आता ठोंबऱ्यांचा भुसा आणि बाईंच्या गोष्टी एकाच टेबलावर! पुस्तकं झटकून वाचावी लागणार.”

ठोंबरे म्हणाले, “भुसा झटकता येतो. तुमचा उपदेश झटकता येत नाय, ही पंचाईत हाय.”

सगळे हसले. हे दोघे चार वर्षांत एकमेकांशी कामाचं असं काही बोललेले नाहीत. म्हणूनच तर मी ते टिपण लिहिलं होतं!

संध्याकाळी गोमा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. चौदा वर्षं पेट्या वाहणारा माणूस — खांद्यावर, डोक्यावर, कुणाच्या बैलगाडीतून. मी योजना सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं.

“मंग पुस्तकं कपाटात?”

“काचेच्या. सगळ्यांना दिसतील.”

“म्हंजी पोरांनी काचंतनं बगायची व्हय, बाई?”



२४ ऑक्टोबर, मंगळवार

झोप नाही. माझ्या अक्षराचा एवढा राग मला कधी आला नव्हता.

५ नोव्हेंबर, रविवार

दिवाळी संपली. कल्याणला भावाकडे जाऊन आले. वहिनीने करंज्यांचा डबा दिला. तो परत करताना त्यात काय घालायचं, या विचारात आहे. आईने लावलेली सवय — कुणाचं भांडं रिकामं परत करायचं नाही.

वाडीतल्या बायाही तसंच करतात. पेटी शाळेतून परत यायची तेव्हा पुस्तकांवर काहीतरी असायचंच. मूठभर वाल, नाचणी, एकदा तर अख्खी काकडी — ‘सिंहगडची सहल’ त्या काकडीने भिजली होती! आणि झाकणाला आतून डकवलेली चिठ्ठी. ‘वरच्या वर्गाला गणिताचे पुस्तक नाही.’ ‘फळा तडकला.’ ‘एक मुलगी फार छान गाते, कोणी ऐकायला येईल का.’ मी चिठ्ठ्या वाचायची, माझ्यापुरतं ते करायची, बाकीच्या खिळ्याला अडकवायची. त्यांचं पुढे काय होतं, ते कधी विचारलं नाही.

आज सबनीसांचं परिपत्रक निघालं. कलम सहा : ‘पेटीतून खाद्यपदार्थ पाठवू नयेत.’

१३ नोव्हेंबर, सोमवार

हॉलमध्ये आलो सगळे. भिंती पाडून केलेला हॉल. ठोंबरे खोपोलीहून गाडीने येतात आणि दिवसभर पेन हातात धरून बसतात. पटाशी धरल्यासारखं पेन धरलेलं असतं. घारे बोलतात, पण फक्त सबनीस आत असले की. मला खिडकी मिळाली आहे, तीही अर्धीच. अर्धी काचेच्या कपाटामागे गेली.

गोमाला दारापाशी स्टूल दिलंय. पेट्या वाहायच्या नाहीत, तेव्हा त्याने घंटा वाजली की उठायचं. पगार तोच. सबनीस म्हणाले, “वय झालंय त्याचं. डोक्यावर ओझं वाहायला लावणं बरं दिसत नाही.” मनापासून म्हणाले. त्या माणसात वाईट काही नाही, हीच अडचण आहे. वाईट असता तर भांडले असते.

दिवसभरात घंटा दोनदा वाजली. दोन्ही वेळा चहासाठी.

२७ नोव्हेंबर, सोमवार

तीसपैकी एकोणीस पेट्या आल्या. जीप जाऊन घेऊन आली. पत्र्याच्या निळ्या पेट्या, पांढरा नंबर. आत कडुलिंबाचा पाला अजून हिरवा. गोमा पाला घालायचा, कसर लागू नये म्हणून. कलम सहा पोचलेलं दिसतं — पुस्तकांवर काही नव्हतं. चिठ्ठ्याही नव्हत्या.

आज सूची केली. सबनीस पुस्तकं सांगत होते, मी लिहीत होते. मग माझ्या वह्या निघाल्या. आठ-आठ पानांच्या, सुईदोऱ्याने शिवलेल्या, पुठ्ठ्याची पाठ. बाजारात मिळतात त्या पुस्तकांत हत्ती, राजवाडा आणि आगगाडी. वाडीतल्या मुलाला त्यातलं काय कळणार? म्हणून मी लिहायला घेतल्या. खेकड्याची गोष्ट. भट्टीवर जन्मलेल्या कोकराची गोष्ट. आंधळ्या आजीला वास कळतो ती गोष्ट. चौदा वर्षांत बेचाळीस. छापायचं कुणी सुचवलं नाही, मीही विचारलं नाही.

“या कुणाच्या?” सबनीसांनी विचारलं.

“हाताने लिहिलेल्या आहेत,” मी म्हटलं. माझ्या आहेत म्हणायचं धाडस झालं नाही.

“सुबक आहेत हं. पण सूचीत छापील पुस्तकंच घेऊ. लिहा — अमुद्रित. वगळावे.”

लिहिलं. माझ्याच हाताने, माझ्याच वह्यांपुढे. बेचाळीसपैकी सत्तावीस होत्या. सत्तावीस वेळा लिहिलं.

२ डिसेंबर, शनिवार

गोमाचं स्टूल रिकामं. निरोपही नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

स्टेशनपाशी त्याची बायको सोनुबाई भेटली. “गाडी जुपलीय त्यानी. पेंढा वाहतो, ईटा वाहतो. स्टुलावर बसून बसून कंबार मोडली म्हनत व्हता. वझं व्हतं तवा कंदी दुखली नाय!” आणि हसली. मग एकदम गंभीर होऊन, “तुमच्यावर राग नाय हो बाई त्याचा.”

असता तर बरं वाटलं असतं.

११ डिसेंबर, सोमवार

पहाटे धरणीकंप. बरण्या वाजल्या, दार आपोआप उघडलं. कोयनेकडे फार हानी झाली म्हणतात. आज हॉलमध्ये पहिल्यांदाच सगळे एकमेकांशी बोलले — तुमच्याकडे किती हललं, कोण कुठे धावलं. काचेच्या कपाटाला तडा नाही.

२० डिसेंबर, बुधवार

आज मोतीबाई आल्या. चौक गावाच्या वरच्या अंगाला फणसवाडी आहे, तिथल्या बाई. सातवी शिकलेल्या, त्याच वाडीच्या सून. चार तास चालून आणि मोटारीने येऊन त्या हॉलच्या मधोमध उभ्या राहिल्या. आल्या त्या थेट, दाराशी अडवायला कुणी नव्हतंच.

हातात त्यांच्याच मागणीपत्रकाची परत आलेली प्रत. मी वाचलं. ‘दिवाळी झाली, आता आठ घरे वीटभट्टीवर जाणार. चौदा मुले जातील. मागल्या वर्षीप्रमाणे भट्टीवर पेटी, पाट्या, आणि आठवड्यातून एक भेट द्यावी.’ तारीख नोव्हेंबरची. खाली तीन सह्या. घाऱ्यांची — पाहिले. ठोंबऱ्यांची — पाहिले. तिसरी माझी. पाहिले.

“तिघांनी बगितलं,” मोतीबाई म्हणाल्या. “मंग देयाचं कुनी?”

घारे ठोंबऱ्यांकडे पाहू लागले, ठोंबरे माझ्याकडे. मला वाटलं होतं, वर दोन सह्या आहेत म्हणजे काम लागलंय मार्गी. त्यांना वाटलं, खाली बाईंची सही व्हायचीय, त्या बघतील. सबनीस बाहेर येऊन म्हणाले, “पद्धत नवी आहे, बसेल हळूहळू.”

मी मोतीबाईंना विचारलं, “मागल्या वर्षी कसं झालं होतं?”

“कसं म्हंजी? गोमादादा आला. झाकनावरची चिठ्ठी त्यानी वाचून घेतली आमच्याकडून. खाली शिळफाट्याला जाऊन ठोंबरेदादाला सांगतलं, पाट्या घेतल्या. घारेसाहेबाला सांगतलं, तुमी मंगळवारी जाता तर भट्टीवरनं जावा. पेटी तर त्याच्या डोक्यावरच व्हती.”

‘विभागाविभागांत दुवा म्हणून नाही.’ मी लिहिलं होतं! आणि दुवा रोज माझ्या समोरून पेटी घेऊन जात होता, ‘येतो बाई’ म्हणत.

पाट्या आज देते म्हणाले मी. मोतीबाईंनी पदर खोचला. “ऱ्हाऊ द्या. पोरं गेली भट्टीवर. कोंडी पन गेली, त्या खेकड्याच्या गोष्टीवाली. आता आमचं आमी बगू.” चहाही घेतला नाही.

२१ डिसेंबर, गुरुवार

पाहिले. पाहिले. पाहिले.

९ जानेवारी १९६८, मंगळवार

कार्यकारिणीचं पत्र. अकरा पेट्या जमा नाहीत. नोंदवही माझ्या ताब्यात, म्हणून जबाबदारी माझी. ३१ मार्चच्या आत पेट्या शोधून नोंद करावी. नपेक्षा निष्काळजीपणा समजून नेमणूक पुढे चालू राहणार नाही.

सबनीस स्वतः पत्र घेऊन आले. “माझा इलाज नाही. पण पेट्या काय, कुठेतरी असणारच. सापडल्या की कपाटात लावू, विषय संपला.”

सेहेचाळीस वर्षांची आहे मी. दहिवलीतली ही खोली, खिडकीतून दिसणारी उल्हास नदी, कोपऱ्यातलं शिवणाचं मशीन — नोकरी आहे तोवर हे आहे. नंतर कल्याण. वहिनी चांगली आहे. चांगल्या माणसांकडे राहणंच कठीण असतं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

शोध सुरू. जीप मीच नको म्हटली, एस.टी.ने आणि पायी. आज तीन शाळा.

पहिल्या शाळेतले गुरुजी : “पेटी? ती तर कवाच धाडली.”

“कुणाबरोबर?”

“आता नाव कसं सांगू? एक गाडी जात व्हती.”

दुसऱ्या शाळेत आनंदीबाई म्हणाल्या, “उंदरांनी खाल्ली.”

“पुस्तकं?”

“पेटी पन.”

“अहो, पत्र्याची पेटी!”

“आमच्याकडचे उंदीर लय वंगाळ हायती, बाई.” आणि माझ्या डोळ्याला डोळा न देता त्यांनी ताटात भाकरी वाढली. मुलं तोंडात पदर नाही म्हणून हात कोंबून हसत होती.

तिसऱ्या शाळेत : “पेटी कंदी आलीच नव्हती.” तिथल्या भिंतीवर मुलांनी खडूने काढलेला खेकडा. माझ्या गोष्टीतलाच तो — एक नांगी लहान, एक मोठी.

म्हणजे सगळे खोटं बोलतायत. मला! इतकी वर्षं ज्यांच्या चिठ्ठ्या मी उशाशी घेऊन झोपले, ती माणसं. चोर समजतात का मला? की साहेबांची माणूस समजतात? परतताना पायाला फोड आले. फोडांचं काही नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

आणखी दोन. उंदीर तिथेही पोचलेत.

१९ फेब्रुवारी, सोमवार

आज कपाटापुढे उभी राहिले. एकोणीस पेट्यांची पुस्तकं, ओळीने, कुलपात. नोव्हेंबरपासून मागणीपत्रकं आली सात. गेली पुस्तकं चार. किल्ली सबनीसांकडे असते, आणि ते हल्ली सोमवारी मुंबईला. कसरही लागणार नाही या पुस्तकांना. कसरीलासुद्धा आत जायला फट ठेवलेली नाही.

हे मी केलं. कुणाला सांगायचं? पानाला सांगते.

२५ फेब्रुवारी, रविवार

सविस्तर लिहायला हवं.

फणसवाडीला गेले होते, मोतीबाईंची माफी मागायला. शाळेला कडी. एक म्हातारी म्हणाली, “बाई भट्टीवर. रईवारी तितंच असते.” तशीच खाली उतरले. पाताळगंगेच्या काठाला भट्टी. लाल धूळ, रचलेल्या विटा, पालं. दुपारची सुट्टी असावी. विटांच्या थप्पीच्या सावलीला बायका बसलेल्या, मांडीवर पोरं. आणि मध्ये आठ-नऊ वर्षांची पोर मोठ्याने वाचत होती. कोंडी! अडखळत नव्हती. अडखळल्यासारखं करायची फक्त खेकडा बोलायला लागला की, कारण खेकडा तोतरा आहे. तसं मी लिहिलेलं नाही. तो तिने केलाय तोतरा. आणि किती बरोबर केलाय!

तिच्या पाठीशी निळी पेटी. सात नंबर. सात नंबर पळसदरीकडच्या शाळेची, फणसवाडीची नव्हेच!

मोतीबाईंनी मला पाहिलं. उठल्या आणि सरळ पेटीपुढे उभ्या राहिल्या, लेकराला पाठीशी घालावं तशा. मी म्हटलं, “नेत नाही. फक्त बघू द्या.”

झाकणाला आतून चिठ्ठ्याच चिठ्ठ्या. पण एकही आम्हाला लिहिलेली नाही. ‘फणसवाडीच्या बाईंस — खेकड्याच्या गोष्टीचे शेवटचे पान भिजले होते. आमच्या धाकलूने आठवून लिहिले आहे. चूक असल्यास सुधारावी.’ खाली दुसऱ्या अक्षरात : ‘चूक नाही. मुळापेक्षा बरे आहे.’ मग तिसऱ्याच गावची : ‘तुमचा भागाकार शिकवायचा चिंचोक्यांचा प्रकार करून पाहिला. जमला. आणखी काय असेल ते कळवावे.’ या माणसांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही. दहा-बारा कोसांच्या अंतरावर, डोंगराच्या दोन बाजूंना राहतात. पुस्तकांवर वाल, नाचणी, आणि पुडीत नव्या पाटीपेन्सिली. तळाला हिरवा पाला.

पाला पाहिला आणि कळलं. विचारायची गरज नव्हती. तरी गाडी येईपर्यंत थांबले. गोमा विटा न्यायला आला, मला पाहून कासरा ओढला.

“आलात व्हय,” म्हणाला. “उंदरांनी सांगतलं वाटतं!”

मला हसू आलं आणि मग रडू. तो खाली उतरून बैलाच्या मानेवर हात फिरवत बसला, मी आवरेपर्यंत.

“अकराच्या अकरा?”

“अकराच्या अकरा. पयलं कशी? पेटी कर्जतला यायची, तितनं फुडं जायची. आता कर्जतला येतच नाय. ह्या शाळंतनं त्या शाळंत. जी गाडी जाती तिच्यावर टाकायची. माजीच पायजे असं बी नाय.”

“आणि मला का नाही सांगितलंस? चौदा वर्षं, गोमा!”

तो म्हणाला, “तुमाला सांगायचं सगळ्यांच्या मनात व्हतं. मीच नको म्हनलं. तुमी खऱ्या बाई हाव. सापडली तर सापडली म्हून लिवनार. मंग साहेबाची जीप यील, पुस्तकं काचंत जातील. तुमी कंदी खोटं लिवलं नाय. तेच भ्या वाटलं.”

कोंडी विचारत होती, “ह्या कोन गं बाई?” मोतीबाई म्हणाल्या, “पेटीवाल्या.” गोष्टीवाल्या म्हणाल्या नाहीत. त्यांना माहीत नाही. आणि मी सांगितलं नाही.

२६ फेब्रुवारी, सोमवार

रजा. अंथरुणातच.

मी नव्हते, मंडळ नव्हतं, तेव्हाच पेट्या नीट फिरल्या. चौदा वर्षं सगळ्या पेट्या मी कर्जतला बोलावत होते — नोंद करायला! मी मधे नसते तर ही माणसं केव्हाच एकमेकांशी बोलली नसती का? सबनीसांनी काच लावली. मी नोंदवही लावली होती. फरक केवढासा?

१४ मार्च, गुरुवार

होळी. बाहेर बोंबा चालल्यात. दाराला कडी लावून बसले आहे.

सतरा दिवस राहिले. सांगितलं तर नोकरी राहते, खोली राहते. अकरा पेट्या कपाटात जातात, कोंडीची वही ‘वगळावे’मध्ये. नाही सांगितलं तर मी निष्काळजी. चौदा वर्षांची सेवा, शेवटी हा शेरा. सबनीस काल म्हणाले, “मी अध्यक्षांशी भांडतोय तुमच्यासाठी. दोन-तीन जरी सापडल्या तरी मला बोलायला जागा होईल.” दोन-तीन! कुठल्या दोन शाळा निवडू?

खरं बोलणं मला इतकं सोपं वाटत आलं होतं. त्यात माझं कधी काही गेलंच नव्हतं.

१८ मार्च, सोमवार

सबनीस मुंबईला. ठोंबरे माझ्या टेबलाशी आले, कपाटाकडे बघत हळूच म्हणाले, “सात नंबरात पाटीपेन्सिली पुरतायत का हो?”

पलीकडून घारे, मान वर न करता : “त्या भट्टीच्या रस्त्याला जीप नेऊ नका म्हणून सांगितलंय मी ड्रायव्हरला. चाक रुततं.”

“उन्हाळ्यात?” मी विचारलं.

“उन्हाळ्यात जास्त रुततं,” घारे म्हणाले.

ठोंबरे हसले. घारेही. दोघं एकमेकांकडे पाहून! माझ्याकडे मात्र दोघांनी पाहिलं नाही. अख्ख्या दोन तालुक्यांत मलाच काय ते माहीत नव्हतं. त्यांनाही भीती तीच असणार — बाई खरं लिहितील.

आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन दिवा न लावता बसले.

२७ मार्च, बुधवार

वहिनीचा डबा धुऊन ठेवला. भट्टीवरून निघताना मोतीबाईंनी दिलेले फणसवाडीचे वाल त्यात भरले, काठोकाठ.

३० मार्च, शनिवार

नोंदवहीत लिहिलं : ‘पेट्या अकरा. शाळोशाळी शोध घेतला. सापडल्या नाहीत. गहाळ.’ खाली सही, तारीख. चौदा वर्षांतली पहिली खोटी नोंद.

अक्षर सुरेख आलं.